छातीचा खळगा आणि त्याचे सोबती

तान्ह्या मुलाला तेल लावून न्हाऊ घालताना घरातील जाणत्या बाईच्या हाताला ज्या गोष्टी सर्वांआधी कळतात, त्यांत छातीच्या मध्यावर असलेला खळगा ही एक होय. मूल रडू लागले की तो खोल होतो; निजले की उथळ दिसतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रोज तेल चोळा, आपोआप भरून येईल; दुसऱ्याला मुलाचे काळीज दाबले गेले आहे अशी धास्ती वाटते. पहिल्या पक्षाच्या उपायाने हाडांची दिशा बदलत नाही, आणि दुसऱ्या पक्षाची भीती बहुतेक मुलांच्या बाबतीत अनाठायी ठरते. परंतु या वादात एक प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो, आणि आमच्या मते खरे महत्त्व त्यालाच आहे. छातीला खळगा आहे तो आहेच. त्याच्या जोडीला शरीरात आणखी काही आहे काय?

प्रथम या खळग्याची घडण पाहू. छातीच्या मध्यभागी जे चपटे, उभे हाड असते त्याला उरोस्थी म्हणतात. बरगड्या थेट या हाडाला जाऊन मिळत नाहीत. मध्ये कूर्चेचे, म्हणजे मऊ व लवचिक अशा अस्थिसदृश द्रव्याचे दुवे असतात. या कूर्चा वेड्यावाकड्या वाढल्या की उरोस्थी आत ओढली जाते किंवा पुढे ढकलली जाते. आत गेली तर खोलगट छाती आणि पुढे आली तर कबुतराची छाती, असे आपण बोलीभाषेत म्हणतो. खोलगट छाती अधिक आढळते. साधारणतः दर तीनशे ते चारशे मुलांमागे एकाची छाती अशी असते आणि मुलींपेक्षा मुलगे सुमारे चौपट असतात. अशा पाच जणांपैकी सुमारे दोघांच्या घराण्यात आणखी कोणाची तरी छाती तशीच असते. जर्मन भाषेत या ठेवणीला जोडे शिवणाऱ्याची छाती असे नाव पडले होते, कारण अवजार छातीशी टेकवून काम केल्यामुळे तिला खळगा पडतो असा समज होता. तो समज खरा नव्हे. ही ठेवण बहुधा जन्मापासूनच असते. मात्र बारा-चौदाव्या वर्षी मुलगा झपाट्याने उंच होऊ लागला की ती एकाएकी ठळक होते, आणि आईबापांस वाटते की हे नवीनच काही उद्भवले.

उथळ खळग्याने स्वतः होऊन फारसा त्रास होत नाही. खळगा खोल असेल तर मात्र हृदय डावीकडे सरकते, त्याच्या उजव्या भागावर थोडा दाब पडतो आणि धावताना किंवा डोंगर चढताना तो मुलगा बरोबरीच्या मुलांहून लवकर थकतो. खोली मोजण्यासाठी छातीची आतील रुंदी आणि उरोस्थीपासून कण्यापर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तर काढतात. १९८७ साली हॅलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. सर्वसाधारण माणसात हे गुणोत्तर अडीचच्या आसपास असते. ते सव्वातीनच्या पुढे गेले तर खळगा गंभीर समजतात.

न झालेला आजार

खळग्याच्या सोबत्यांकडे वळण्यापूर्वी एक गमतीची, पण कित्येकांना महागात पडणारी गोष्ट सांगितली पाहिजे. खोलगट छाती ही नसलेला रोग दाखविण्यात मोठी पटाईत आहे. क्ष-किरणांनी समोरून छायाचित्र घेतले तर हृदयाची उजवी कड पुसट दिसते आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या अंगास एक धूसर छाया पडते. ही छाया न्यूमोनियाच्या छायेसारखीच दिसते. क्षयाची शंका ज्या देशात सदैव डॉक्टरांच्या मनात जागी असते आणि असावयासही हवी, तेथे अशा छायेवरून मुलाच्या मागे औषधांचे शुक्लकाष्ठ लागणे अशक्य नाही. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात उरोस्थी किती आत गेली आहे हे स्पष्ट दिसते आणि बहुधा संशय फिटतो. हृदयाच्या विद्युत्-आलेखातही या मुलांत थोडा फरक दिसतो, आणि छातीला नळी लावली असता एक हलका मर्मर ध्वनी ऐकू येतो. पुष्कळदा तोही निरुपद्रवी असतो. म्हणून क्ष-किरणचित्र घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मुलाच्या छातीला खळगा आहे हे आपण होऊन सांगावे. नुसते चित्र पाहणाऱ्याला तो दिसेलच असे नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. छाया खळग्याचीच असेल असे घरबसल्या ठरवून दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याकडे किंवा रोज संध्याकाळी येणाऱ्या कणकणीकडे दुर्लक्ष करणे हे त्याहून वाईट. खोलगट छातीच्या माणसाला क्षय होत नाही असे थोडेच आहे!

उंच, सडपातळ आणि लांब बोटांचा

आता मुख्य सोबत्याकडे वळू. १८९६ साली पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फां यांनी पाच वर्षांच्या एका मुलीची हकीकत आपल्या समव्यवसायी मंडळींपुढे मांडली. तिचे हातपाय व बोटे विलक्षण लांब आणि सडपातळ होती. त्या मुलीचा आजार दुसराच असावा असे काही तज्ज्ञांना मागाहून वाटले, पण नाव मात्र मार्फान असेच रूढ झाले. पुढे १९१४ साली या विकाराशी डोळ्यातील भिंग सरकण्याचा आणि १९४३ साली हृदयातून निघणारी महारोहिणी फुगण्याचा संबंध जोडला गेला. लांब बोटे, डोळे आणि रक्ताची सर्वांत मोठी वाहिनी यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. संबंध असा की शरीराचे निरनिराळे अवयव ज्या तंतुमय द्रव्याने बांधलेले व सावरलेले असतात, ते द्रव्य या लोकांत कच्चे असते. त्यातील फायब्रिलिन नावाचे प्रथिन बनविण्याची आज्ञा पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. त्या जनुकातील दोष १९९१ साली सापडला. ज्या घराची सगळी बांधणी एकाच कच्च्या सुतळीने केली आहे, त्याच्या कोणत्या गाठी आधी सैल होतील हे पाहावयाचे एवढेच उरते. बरगड्या वाजवीपेक्षा लांब वाढून उरोस्थीला आत किंवा बाहेर लोटतात, कणा वाकतो, भिंग जागचे सरकते, आणि महारोहिणीची भिंत दर ठोक्याबरोबर किंचित किंचित ताणली जाते.

सुमारे पाच हजार माणसांमागे एकाला हा विकार असतो. अशा रोग्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांशांची छाती खोलगट किंवा पुढे आलेली असते. हे वाक्य उलटे वाचू नये. छाती खोलगट असलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना मार्फान विकार असतो. पण ज्या थोड्यांना तो असतो, त्यांच्या बाबतीत छातीचा खळगा हे घरच्या माणसांना दिसू शकणारे चिन्ह असते आणि महारोहिणीचे फुगणे हे न दिसणारे. ती फुगत असताना दुखत नाही, दम लागत नाही, ताप येत नाही. एके दिवशी तिच्या भिंतीचा आतला थर फाटतो आणि तासाभरात सारा खेळ आटोपतो.

फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू होती. उंची सहा फूट पाच इंच. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या संघात ती होती आणि जगातील उत्कृष्ट खेळाडूंत तिची गणना होत असे. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधील मात्सुए येथे सामना चालू असताना ती मैदानाबाहेर आली, बाकावर बसली आणि तेथेच कोसळली. वय एकतीस. प्रथम सर्वांना हृदयविकाराचा झटका वाटला. शवविच्छेदनात फाटलेली महारोहिणी आणि मार्फान विकार निघाला. तिच्या उंचीचे सर्वांनी कौतुकच केले होते. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच विकार होता. त्याच्यावर वेळीच शस्त्रक्रिया करण्यात आली.

या भावाची हकीकत बहिणीच्या हकीकतीइतकीच सांगण्याजोगी आहे. मार्फान विकार असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला, मग मुलगा असो की मुलगी, तो होण्याचा संभव निम्मा असतो. चारांपैकी एका रोग्याच्या बाबतीत मात्र आईबाप निर्दोष असतात आणि जनुकातील बदल त्याच्यापासूनच सुरू होतो. म्हणून घराण्यात कोणास काही नाही एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही. आणि एका व्यक्तीत विकार निघाला तर आईबाप, भावंडे व मुले यांना तपासल्यावाचून राहता येत नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांतून एखादा काका किंवा आत्या यांच्याविषयी सांगतात की चांगले धडधाकट असताना पस्तिशी-चाळिशीत छातीत कळ आली आणि गेले. अशा आठवणी डॉक्टरांपुढे उगाळण्यात काय अर्थ, असे वाटते. प्रस्तुत बाबतीत अर्थ आहे. तो गेलेला काका उंच व किडकिडीत होता काय, त्याला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा होता काय, हेही सांगावे.

घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात. अंगठा आत दुमडून मूठ मिटावी. अंगठ्याचे टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूने, करंगळीच्याही पलीकडे बाहेर डोकावते काय? एका हाताच्या अंगठ्याने व करंगळीने दुसरे मनगट वेढावे. करंगळीचे शेवटचे पेर अंगठ्याखाली सबंध झाकले जाते काय? आणि दोन्ही हात आडवे पसरले असता एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर उंचीपेक्षा बरेच अधिक भरते काय? या खुणा कित्येक निरोगी माणसांतही आढळतात, तेव्हा मूठ मिटून पाहिली आणि अंगठा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु छातीचा खळगा, लांब बोटे, वाकता कणा आणि लहान वयात वेगाने वाढणारा चष्म्याचा नंबर ही मंडळी एकाच मुलात जमली असतील, तर हृदयाची प्रतिध्वनिचित्र-तपासणी आणि नेत्रतज्ज्ञाकडून भिंगाची तपासणी करून घ्यावी. हृदयाच्या या तपासणीला सर्वजण ‘इको’ म्हणतात. तिच्यात वेदना नाही, क्ष-किरणही नाहीत.

निदान झाले तर पुढे काय, याचे उत्तर पूर्वीइतके निराशेचे राहिलेले नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोग्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय बत्तीस निघाले होते. १९९५ सालच्या अभ्यासात निम्मे रोगी बहात्तर वर्षांपर्यंत जगतील असे अनुमान निघाले. मधल्या काळात दोन-तीन गोष्टी घडल्या. महारोहिणीवरील ताण कमी करणारी औषधे वापरात आली. १९६८ साली बेंटॉल व दे बोनो यांनी महारोहिणीचा फुगलेला आरंभीचा भाग झडपेसह बदलण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आणि प्रतिध्वनिचित्राने वाहिनीची रुंदी वरचेवर मोजणे सोपे झाले. रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास आली की, फाटण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रिया करतात. अशा मुलाने वजने उचलणे, कुस्ती, कबड्डी यांसारखे दम कोंडण्याचे व आदळआपट होणारे प्रकार टाळावेत. चालणे, हलके पोहणे, सायकल यांबद्दल डॉक्टरांस विचारावे. तालमीत जाऊन छाती भरून निघेल या आशेने उंच, किडकिडीत मुलाला आधी वजने उचलावयास लावणारे वडील आपल्याकडे कमी नाहीत. इको आधी, वजने मागाहून, हा क्रम त्यांनी ध्यानात ठेवावा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. छातीची ठेवण कपड्याखाली झाकली जाते, आणि स्थळे पाहावयाची असल्यामुळे घरची माणसेही ती झाकूनच ठेवतात. पण मार्फान विकार असलेल्या स्त्रीच्या महारोहिणीवर गरोदरपणात व बाळंतपणात फार ताण पडतो. वाहिनी आधीच रुंदावलेली असेल तर जिवावर बेतू शकते. गर्भ राहण्यापूर्वी रुंदी मोजलेली असली, तर काय करावे हे ठरविण्यास अवकाश मिळतो. लग्नाच्या बोलण्यात अडथळा येईल म्हणून ही तपासणी टाळणाऱ्या घरांची अडचण आम्हांस कळते. पण ती अडचण मुलीच्या जिवापेक्षा मोठी मानता येत नाही.

कणा आणि झडप

मार्फान नसलेल्या मुलांतही खळग्याचे दोन सोबती बऱ्याचदा भेटतात. एक म्हणजे कण्याला बाजूकडे पडलेला बाक. निरनिराळ्या पाहण्यांचा मेळ घातला तर खोलगट छातीच्या पाच-सहा मुलांमागे एकाच्या कण्यात तो असतो. मुलाला उघड्या अंगाने, पाय जुळवून, गुडघे न वाकविता कमरेतून पुढे वाकावयास सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. वाढीच्या वयात, म्हणजे दहा ते सोळा वर्षांच्या दरम्यान, ही परीक्षा दर सहा महिन्यांनी करण्याजोगी आहे. वाढ चालू असतानाच पट्ट्याचा उपयोग होतो.

दुसरा सोबती हृदयाची डावीकडील द्विदल झडप. मिटताना तिचे पडदे किंचित मागे फुगतात. सर्वसामान्य लोकांपैकी शंभरांत दोघा-तिघांत हे आढळते. खोलगट छातीच्या लोकांत अधिक. बहुतेकांना औषधाची गरज पडत नाही. आत गेलेल्या उरोस्थीने हृदयाचा आकार बदलल्यामुळेही असे होऊ शकते, कारण खळगा दुरुस्त केल्यावर काही रोग्यांत झडप पुन्हा नीट बसलेली आढळली आहे.

मुडदूस

कबुतराची छाती जन्मजात असू शकते, तशी ती मागाहूनही येऊ शकते. आणि आपल्या देशात मागाहून येणाऱ्या छातीचे एक मोठे कारण मुडदूस हे आहे. ‘ड’ जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले की वाढती हाडे कठीण होत नाहीत. मग बरगड्या जेथे कूर्चांना मिळतात तेथे मण्यांसारख्या गाठी येतात, उरोस्थी पुढे येते आणि श्वासपटल आतून खेचत असल्यामुळे छातीच्या खालच्या अंगास आडवी खाच पडते. या खाचेला हॅरिसनची खाच म्हणतात. मनगटे रुंद होतात, दात उशिरा येतात, मूल उशिरा चालू लागते आणि चालू लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन याने १६५० सालीच या रोगावर ग्रंथ लिहिला होता. ज्या देशात सूर्य क्वचित दिसतो तेथे हे समजण्याजोगे आहे. पण आपल्याकडे ऊन उदंड असूनही मुडदूस आढळतो. अंधाऱ्या खोल्या, दाट वस्ती, शहरांवरील धुराचे आवरण, अंग झाकून घेण्याची सवय ही त्याची कारणे. शिवाय ज्या आहारात दूध, ताक, नाचणी, तीळ किंवा लहान मासे यांचा अभाव असतो, त्यात नुसते कॅल्शियम कमी पडूनही मुडदूस होतो. भारत-पाकिस्तानातून ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मुलांत १९६०-७० च्या सुमारास मुडदूस इतका दिसू लागला की १९८१ साली तेथे त्याविरुद्ध स्वतंत्र मोहीम हाती घ्यावी लागली.

मुडदुसाची छाती आणि जन्मजात छाती यांतील भेद कळणे अगत्याचे आहे, कारण पहिल्या प्रकारावर औषध आहे. वेळीच उपचार झाला तर हाडे पुष्कळ अंशी सुधारतात. मुडदूस झालेल्या मुलाला न्यूमोनियाही अधिक सहज गाठतो, आणि रक्तातील कॅल्शियम फार उतरले तर आकडी येते. आकडी आलेल्या मुलाच्या बरगड्यांवरून हात फिरविण्याची आठवण पूर्वीचे वृद्ध डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांस मुद्दाम करून देत. ती सवय सुटू नये.

लहान मुलांच्या बाबतीत एक गल्लत जिवावर बेतते. नेहमीचा खळगा वेगळा आणि आजारपणात नव्याने आत ओढली जाणारी छाती वेगळी. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत जाऊ लागला आणि श्वास जलद झाला, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांहून लहान मुलात साठ किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या मुलात पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा अधिक भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्या घरी मुलाच्या छातीला पहिल्यापासून खळगा आहे, त्या घरी ‘त्याची छाती अशीच आहे’ म्हणून थांबण्याचा मोह होतो. तेथे आकडाच खरे सांगतो. झोपेत सतत घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल असेल तर नाकामागील गाठी वाढल्या आहेत काय तेही पाहावे. श्वासमार्गातील जुना अडथळाही छातीला आत ओढतो. बरेच दिवस चाललेल्या दम्याने तीच आडवी खाच पडते. आणि छातीची केवळ डावी बाजू पुढे आलेली असेल, दूध पिताना मूल थकून घामाघूम होत असेल, तर हृदयातील जन्मजात छिद्राचा विचार प्रथम करावा, कारण मोठे झालेले हृदय कोवळ्या बरगड्यांना आतून ढकलत असते.

काही विकार विरळ आहेत, तरी नावे माहीत असावीत. अमेरिकेतील बालहृदयरोगतज्ज्ञ जॅकलिन नूनन यांनी १९६३ साली वर्णिलेल्या विकारात उरोस्थी वरच्या भागी पुढे व खालच्या भागी आत असते, उंची कमी असते आणि हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असते. आल्फ्रेड पोलंड हे लंडनच्या गाइज रुग्णालयात विद्यार्थी असताना, १८४१ साली, त्यांनी एका शवाची नोंद केली. त्यात छातीच्या एका बाजूचा मोठा स्नायू अपुरा होता आणि त्याच बाजूच्या हाताची बोटे जुळलेली होती. हा प्रकार बहुधा उजव्या बाजूस आढळतो. छातीची एक बाजू सपाट दिसली तर त्या हाताच्या बोटांकडेही पाहावे, इतकेच.

सगळाच दोष छातीचा नसतो

सोबत्यांचा शोध घेताना दुसऱ्या टोकाला जाण्याचे कारण नाही. सोळा वर्षांची एखादी मुलगी जिना चढताना थकते, तिच्या छातीला थोडा खळगा आहे, तेव्हा घरचे लोक थकव्याचे खापर खळग्यावर फोडून मोकळे होतात. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्ताची कमतरता आढळली होती. तिचे रक्त तपासणे हे छातीची चित्रे काढण्याहून सोपे, स्वस्त आणि बहुधा अधिक उपयोगी.

मनावर होणारा परिणाम हा या सर्वांत सार्वत्रिक सोबती होय, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. आपल्या समाजात मुलग्याला उघड्या अंगाने वावरण्याचे प्रसंग पदोपदी येतात. मुंज उघड्या अंगाने लागते, विहिरीवर पोहणे उघड्या अंगाने शिकतात, तालमीत लंगोटावर उतरावे लागते. केरळातील पुष्कळ मंदिरांत पुरुषांना अंगरखा काढूनच आत जावे लागते. सैन्य व पोलीस भरतीत छाती मोजतात आणि ती फुगवून पाच सेंटिमीटर वाढते की नाही हे पाहतात. ज्याच्या छातीला खळगा आहे तो मुलगा चौदाव्या वर्षापासून या सर्व ठिकाणांहून गुपचूप दूर होऊ लागतो. पोहावयास न जाण्याचे कारण तो सर्दी सांगतो. खांदे पुढे झुकवून, पोट पुढे काढून चालण्याची त्याला सवय लागते आणि त्या सवयीने खळगा आणखीच खोल दिसतो. वडिलांनी ‘छाती काढून चाल’ म्हणून दटावल्याने तो सुधारत नाही. पाठ व खांदे यांचे व्यायाम शिकवून, आणि त्याच्याशी या विषयावर एकदा सरळ बोलून, बरेच साधते.

इस्पितळात

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून वर्षातून दोन वेळा आणि सरकारी व अनुदानित शाळांतून एक वेळ आरोग्य पथकाने मुले तपासावीत अशी योजना आहे. जन्मजात हृदयविकार व मुडदूस हे त्यांच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाची छाती दाखवून कण्याची व हृदयाची तपासणी मुद्दाम मागावी. पुढील तपासणीसाठी ते जिल्हा केंद्राकडे पाठवू शकतात.

पुढे आलेल्या छातीवर, कूर्चा मऊ आहेत तोवर, बाहेरून दाब देणाऱ्या पट्ट्याने पुष्कळ सुधारणा होते. खोल खळग्यासाठी पूर्वी कूर्चा कापून काढीत. १९४९ साली रॅविच यांनी ती पद्धत स्थिर केली. अमेरिकेतील डोनाल्ड नस यांनी १९८७ पासून उरोस्थीच्या मागून पोलादाची वाकविलेली पट्टी सरकवून ती बाहेर ढकलण्याची रीत सुरू केली आणि १९९८ साली आपला दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी हृदयाचे प्रतिध्वनिचित्र, फुप्फुसांची क्षमता, कणा आणि मार्फानची चिन्हे पाहून घेतात. तसेच, खोट्या दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने मुलाच्या कातडीवर पुरळ उठते काय, हे आईने आठवून सांगावे. पोलादात निकेल असते, आणि ते सोसत नसेल तर टायटेनियमची पट्टी वापरावी लागते.

पट्टी सामान्यतः दोन ते तीन वर्षे आत राहते. त्या मुदतीत तिची नोंद असलेले पत्र मुलाजवळ असावे, आणि शाळेतील शिक्षकांसही त्याची कल्पना द्यावी. त्याचे हृदय काही कारणाने बंद पडले आणि छाती दाबण्याची वेळ आली, तर नेहमीपेक्षा अधिक जोर लावावा लागतो. आणि विजेचा धक्का देण्याचे यंत्र लावावयाचे झाल्यास त्याची एक चकती छातीवर व दुसरी पाठीवर लावावी लागते.